लंडनहून ल्लीनला: वेल्श बोलणाऱ्या किनाऱ्यावर बिऱ्हाड हलवताना

वेल्सच्या वायव्य कोपऱ्यातून आयरिश समुद्रात घुसलेला जो चिंचोळा पट्टा नकाशावर दिसतो, तो ल्लीन द्वीपकल्प. वेम्बलीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही तिथे नेव्हिनजवळ राहायला आलो. नवऱ्याला बँगॉरच्या सरकारी रुग्णालयात काम मिळालं, माझं काम लॅपटॉपवरचं, मुलगी प्राथमिक शाळेत. लंडनमधली ओळखीची काही कुटुंबं आता याच विचारात आहेत आणि फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. इथे यायचं तर बारा महिने राहायला या आणि वेल्श शिकायच्या तयारीने या. 2021 च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्के निघाले. ल्लीन ज्या ग्विनेद भागात येतं, तिथे हेच प्रमाण 64.4 टक्के आहे. दुकान, दवाखाना, शाळेचं फाटक, बसमधल्या गप्पा, सगळीकडे वेल्श. ग्विनेद कौन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाचं, आतलं कामकाजसुद्धा वेल्शमध्ये चालतं. इंग्रजी सगळ्यांना येते, तुमचं काही अडणार नाही. पण नुसतं न अडणं वेगळं आणि गावात सामावणं वेगळं.

जागा बघायला पहिल्यांदा याल तेव्हा रेल्वेने या, आणि हिवाळ्यात या. बर्मिंगहॅमहून श्रूझबरीमार्गे निघणारी गाडी माखन्लेथला दुभंगते. काही डबे अबरिस्टविथला जातात, बाकीचे किनाऱ्याने वर पुल्हेलीला. सामान जास्त असेल तर बसतानाच पुल्हेलीचा डबा विचारून घ्या, ऐनवेळी फलाटावर सुटकेसा घेऊन पळापळ होते. माखन्लेथनंतर रूळ खाडीला आणि मग समुद्राला चिकटून जातात. बारमथला 1867 पासून उभा असलेला लांबलचक लाकडी पूल लागतो, पुढे टेकाडावर हार्लेखचा किल्ला, मग क्रिकियेथ, आणि पुल्हेलीला लाईन संपते. बर्मिंगहॅमपासून जवळजवळ पाच तास धरा. घाई असेल तर लंडनच्या यूस्टनहून बँगॉर तीन तासांहून थोडं जास्त, पुढे कायरनारवॉनमार्गे बस. रविवारी बसगाड्या फार कमी, तेव्हा रविवारी पोचायचा बेत करू नका.

हिवाळा का म्हणते, तर ऑगस्टमध्ये हा किनारा सगळ्यांनाच आवडतो. जानेवारीत चार-साडेचारला अंधार पडतो, नैर्ऋत्येकडून वारा सुटला की पाऊस आडवा येतो आणि खिडक्यांवर मिठाचा थर बसतो. तेव्हाही गाव आवडलं, तर पुढचा विचार करा. शिवाय हिवाळ्यात संध्याकाळी अबरसॉख या किनाऱ्यावरच्या गावातून चक्कर मारली की इथला मूळ प्रश्न डोळ्यांनी दिसतो. ओळीने देखणी घरं, पण त्यातल्या कितीतरी घरांत दिवाच नाही. ती सगळी शहरातल्या लोकांची सुट्टीची घरं. अबरसॉखची प्राथमिक शाळा 2021 च्या अखेरीस बंद झाली, कारण पटावर अगदी मोजकीच मुलं उरली होती. माझं माहेर दापोलीकडचं, बंद दारं मी तिथेही पाहिली आहेत. पण तिथे कुलूप लावून जाणारे घरचेच असतात, मुंबईला गेलेले. इथे कुलपाची किल्ली बाहेरच्याकडे असते, आणि गावात जन्मलेल्या, गावातच काम करणाऱ्या पोराला ते घर परवडत नाही. मला हे फार लागलं. घर शोधताना ही गोष्ट डोक्यातून काढून टाकू नका, एवढी कळकळीची विनंती.

कौन्सिलनेही यावर पावलं उचलली आहेत. दुसऱ्या घरांवरच्या कौन्सिल टॅक्सवर ग्विनेदने एप्रिल 2023 पासून 150 टक्के अधिभार लावला, म्हणजे नेहमीच्या अडीचपट कर. तुम्ही कायमचे राहायला येत असाल तर हा कर तुमच्यासाठी नाही. मात्र घर ताब्यात घेतल्यावर ते रिकामं ठेवून महिनोनमहिने दुरुस्ती करणार असाल, तर कौन्सिलशी आधीच बोलून घ्या. काही जुन्या कौन्सिल घरांवर, म्हणजे कौन्सिलने बांधून पुढे विकलेल्या घरांवर, ती स्थानिक माणसालाच विकायची अट असते. या अटीतून पळवाट काढून देणारा कुणी भेटला तर नम्रपणे नाही म्हणा. ती घरं ज्यांच्यासाठी राखली आहेत त्यांच्यासाठीच राहू द्या.

आमचा सल्ला, आधी भाड्याने राहा. वेल्सचा भाड्याचा कायदा इंग्लंडहून वेगळा आहे, डिसेंबर 2022 पासून नवा लागू झाला. घरमालकाची ‘रेंट स्मार्ट वेल्स’कडे नोंदणी असायला हवी, ती ऑनलाइन तपासता येते. कराराची लेखी प्रत राहायला आल्यापासून चौदा दिवसांत मिळाली पाहिजे. एक सावधगिरी मात्र बाळगा. काही मालक ऑक्टोबर ते ईस्टर एवढ्यापुरतंच घर देतात आणि उन्हाळ्यात पर्यटकांना देण्यासाठी रिकामं करून मागतात. मुलं शाळेत जाणारी असतील तर असं घर चुकूनही घेऊ नका. विकत घ्यायची वेळ आली की स्टॅम्प ड्यूटीच्या जागी इथे लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स भरायचा असतो. पहिलं घर घेणाऱ्याला इंग्लंडसारखी वेगळी सवलत नाही, आणि नावावर दुसरीकडे घर असेल तर दर चढे लागतात. वकील शक्यतो पुल्हेली किंवा कायरनारवॉनचाच करा.

घर बघताना लंडनची नजर बाजूला ठेवावी लागते. गावाबाहेरच्या कितीतरी घरांना गॅसची पाइपलाइन नसते. अंगणात केरोसीनची टाकी असते आणि टँकर बोलवावा लागतो, बहुतेक पुरवठादार 500 लिटरच्या खाली देत नाहीत. सप्टेंबरात टाकी भरून घ्या, थंडी पडली की भाव चढतात आणि टँकरही लवकर येत नाही. मैलापाण्याची सेप्टिक टँक असेल तर तिची नोंदणी झाली आहे का ते विचारा. दगडी भिंती जाड असतात, पण ओल धरतात. कपाटाच्या मागची भिंत हात लावून बघा, छताच्या स्लेटा घराची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरकडून तपासून घ्या. मोबाइलची रेंज टेकडीच्या अलीकडे पूर्ण आणि पलीकडे शून्य, असं असतं. घर बघायला गेलात की प्रत्येक खोलीत उभं राहून फोन लावा. घरून काम करणाऱ्याने ब्रॉडबँडचा वेग त्याच पत्त्यावर तपासावा, शेजारच्या वाडीचा वेग उपयोगाचा नाही. वादळात वीजही जाते. डिसेंबर 2024 च्या डॅराघ वादळात वेल्समध्ये कितीतरी घरं अंधारात होती. गॅसची छोटी शेगडी, बॅटऱ्या, पॉवर बँक आणि दोन दिवसांचं पाणी घरात असू द्या. आणि कचरा! न कुजणारा, पुनर्वापर न होणारा कचरा कौन्सिल तीन आठवड्यांतून एकदा नेते. खरकटं दर आठवड्याला जातं. पहिल्या दिवसापासून कचरा नीट वेगळा करायची सवय लावा.

गाडी लागतेच. रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना उंच बांध. समोरून ट्रॅक्टर आला तर ज्याच्या मागे जागा जवळ, त्याने मागे घ्यायची आणि हात वर करून आभार मानायचे. सप्टेंबर 2023 पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा आहे, तीही लक्षात ठेवा.

दवाखान्याचं सांगते. आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवा. वेल्समध्ये 2007 पासून प्रिस्क्रिप्शनची औषधं सगळ्यांना मोफत आहेत. छोट्या जखमांसाठी पुल्हेलीजवळ ब्रिन बेरिल रुग्णालय आहे, मोठ्या आणीबाणीला मात्र बँगॉर गाठावं लागतं, नेव्हिनहून पाऊण-एक तास. घरात हृदयविकाराचा किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे अंतर आधी मनाशी नीट धरा. एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, दंतवैद्य मिळणं अवघड, तेव्हा दातांची कामं लंडनमध्येच उरकून या.

आता शाळा आणि भाषा. इथल्या प्राथमिक शाळांचं माध्यम वेल्श आहे. आईबापांची पहिली धडधड इथेच होते, आमचीही झाली. पण बाहेरून आलेल्या मुलांसाठी ग्विनेदमध्ये खास भाषा-केंद्रं आहेत. मुलाला साधारण सत्रभर तिथे खेळ, गाणी, गोष्टींतून पूर्ण वेळ वेल्श शिकवतात आणि मग नेहमीच्या शाळेत पाठवतात. आमची मुलगी घरात मराठी, बाहेर इंग्रजी बोलतच होती, तिच्यात तिसरी भाषा सहज बसली. प्रवेशअर्ज भरतानाच या केंद्राबद्दल विचारा, जागा मर्यादित असतात. शाळेत जाण्याआधीच्या मुलांसाठी गावोगावी ‘किल्ख मेइथ्रिन’ म्हणजे वेल्श बालवाड्या आहेत. तिथल्या इतर आयांशी झालेली ओळख पुढे वर्षानुवर्षं कामी येते.

मोठ्यांसाठी ‘दिस्गी कमराइग’ या राष्ट्रीय योजनेचे वर्ग आहेत, ऑनलाइनही. लंडनमध्ये असतानाच सुरू करा, आणि उत्तर वेल्सचा अभ्यासक्रम निवडा. दक्षिणेकडची बोली बरीच वेगळी पडते, दुधासाठीसुद्धा दोन्हीकडे शब्द निराळे. आपल्याला ‘ख’चा घर्षणाचा उच्चार फारसा जड जात नाही. ‘ल्ल’साठी जीभ ‘ल’च्या जागी ठेवून बाजूने नुसती हवा सोडायची, आठवडाभर आरशासमोर केलं की जमतं. रस्त्यावरच्या पाट्यांवर गावाच्या नावाचं पहिलं अक्षर बदललेलं दिसेल, ‘पुल्हेली’चं ‘बुल्हेली’ होतं. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचं शेपूट बदलतं, इथे तोंड बदलतं. सामान्यरूपं जन्मभर वापरणाऱ्याला हे लवकर उमजतं.

गावातल्या दुकानात सुरुवातीला मी शिरले की चाललेलं बोलणं इंग्रजीवर यायचं. ते सौजन्य होतं. मी एकदा गल्ल्यावरच्या बाईंना म्हटलं, माझ्याशी वेल्शच बोला, फक्त सावकाश. त्यांनी पैसे मोजून माझ्या तळहातावर एकेक नाणं ठेवलं, प्रत्येक आकडा वेल्शमध्ये स्वच्छ उच्चारला आणि मला म्हणायला लावला. मागे रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही, एका आजोबांनी तर चुकलेला आकडा मागून सांगितला. तेव्हापासून मला बघून तिथे कुणी भाषा बदलत नाही. पहिल्या आठवड्यात एवढं एक वाक्य पाठ करा: मी वेल्श शिकते आहे, सावकाश बोला.

या भाषेमागचा जीव कळायला हवा असेल तर दोन ठिकाणी जाच. पुल्हेलीजवळ पेनिबर्थ. तिथलं जुनं घर पाडून ब्रिटिश सरकारने बॉम्बफेकीचा तळ उभारायला घेतला, तेव्हा सप्टेंबर 1936 मध्ये सॉन्डर्स लुइस, लुइस व्हॅलेंटाइन आणि डी. जे. विल्यम्स या तीन वेल्श राष्ट्रवाद्यांनी तिथे आग लावली आणि स्वतः जाऊन पोलिसांना सांगितलं. कायरनारवॉनच्या ज्युरीचं एकमत होईना, म्हणून खटला लंडनला नेला आणि तिघांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पेन्र्होसचा तळ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्याच जागी महायुद्धानंतर मायदेशी परतू न शकलेले पोलिश सैनिक आणि त्यांची कुटुंबं राहिली, अनेक दशकं. बाहेरच्यांना या मातीने जागा दिलेली आहे, हे नवख्याने लक्षात घ्यावं.

दुसरं ठिकाण ल्लिथवाइन. दगडखाणीचं ओसाड पडलेलं गाव, नांत गुर्थेर्न, त्याच्या खाली डोंगराच्या पायथ्याशी समुद्रालगत आहे. गावकऱ्यांनी आणि विश्वस्तांनी ते सावरून तिथे वेल्श भाषेचं निवासी केंद्र केलं. सलग काही दिवस राहून शिकता येतं, पैसे वाचवून एकदा तरी करा. वर ल्लिथवाइन गावात ‘तावार्न अ विक’ नावाचा पब आहे, 1988 पासून गावकऱ्यांच्याच मालकीचा. दारू पीत नसाल तरी जा, गाण्याच्या रात्री जा. कुणी कुठलं घर भाड्याने देतंय, कुणाकडे सुतार मोकळा आहे, हे सगळं तिथे कळतं. ‘ल्लानु ल्लीन’ हे इथलं वेल्श मासिक. सुरुवातीला फक्त जाहिराती आणि कार्यक्रमांचं पान वाचा, तेवढं शब्दकोश घेऊन जमतं.

खाण्यापिण्याचं काय, हा सगळ्यांचा प्रश्न. पुल्हेली आणि पोर्थमाडॉगला मोठी सुपरमार्केटं आहेत. तांदूळ, मसूर, हरभरे, आलं, कोथिंबीर मिळते. पोहे, आमसुलं, गोडा मसाला पार्सलने मागवा, किंवा मँचेस्टरच्या विल्म्सलो रोडला फेरी होईल तेव्हा पोत्याने आणा. उन्हाळ्यात मॅकरेल ताजा मिळतो, आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला. तिरफळ आणि आमसूल घालून त्याची आमटी उत्तम होते. खेकडेही झकास. गणपतीला लंडनच्या महाराष्ट्र मंडळात जायची ओढ लागतेच. 1932 सालची संस्था ती, तिची सवय सुटत नाही. आम्ही घरी गणपती बसवतो आणि शेजाऱ्यांना आरतीला बोलावतो. गाणाऱ्या लोकांचा मुलूख आहे हा, टाळ हातात दिला की ठेका बरोबर धरतात.

बिऱ्हाड हलवायला मे किंवा जून चांगला. ऑगस्टमध्ये पर्यटकांच्या कॅरॅव्हॅनच्या रांगांनी रस्ते तुंबतात. सामान नेणाऱ्या कंपनीला घरापर्यंतच्या गल्लीची रुंदी मोजून कळवा, फोटो पाठवा. मोठा ट्रक शेवटच्या वळणावर अडकला तर सामान छोट्या व्हॅनमधून हलवण्याचे वेगळे पैसे पडतात. केरोसीनची टाकी भरलेली आहे का, हे किल्ली घेण्याच्या आदल्या दिवशी एजंटकडून लिहून घ्या.