बंदच पडतात, तर घेता कशाला?

कला आणि वास्तुरचनेवरची छोटी, स्वतंत्र मासिकं आणि दोन-तीन माणसांनी चालवलेल्या प्रकाशनांची पुस्तकं मी बरीच वर्षं विकत घेते. पाहणारे अंक चाळतात आणि विचारतात, ‘हे अजून निघतं का?’ बहुतेकदा उत्तर ‘नाही’ असंच असतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: ‘बंदच पडायचं असतं तर ही मंडळी काढतात कशाला, आणि तुम्ही घेता कशाला?’ इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

बंद पडतात हे खरंच आहे. पण कशानं बंद पडली ते पाहिलं तर सगळ्यांना एकाच रांगेत उभं करता येत नाही. ‘ॲस्पेन’ घ्या. फिलिस जॉन्सन यांनी १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये ते सुरू केलं. नाव मासिकाचं, पण वाचकाच्या घरी यायची ती पेटी. आत सुट्या पुस्तिका, घड्या घातलेली चित्रं, वाजवायच्या पातळ तबकड्या. १९६६च्या तिसऱ्या अंकाची पेटी पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलनं धुण्याच्या पावडरीच्या खोक्यासारखी केली होती. पुढच्याच वर्षीच्या पाच-सहा या जोडअंकात फिल्मची रिळंसुद्धा होती, आणि फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा गाजलेला निबंध इंग्रजीत पहिल्यांदा आला तो याच पेटीतून. हे सगळं दहा अंकांनंतर १९७१ मध्ये थांबलं, आणि त्यात मोठा हात टपालाच्या दराचा होता. अमेरिकेच्या टपाल खात्याला हे नियतकालिक वाटेना. ना ठरलेल्या वेळी निघतं, ना दोन अंकांचं एकमेकांशी रूप जुळतं; मग नियतकालिकांसाठीची सवलत का द्यायची? खात्याच्या नियमांप्रमाणे पाहिलं तर चूकही नव्हतं त्यांचं.

‘ॲव्हलांच’ची गोष्ट वेगळी. विलोबी शार्प आणि लिझा बेअर यांनी १९७० ते १९७६ या काळात त्याचे तेरा अंक काढले. समीक्षकाला मधे न आणता कलाकारालाच बोलू द्यायचं, ही त्यांची भूमिका. लांबलचक मुलाखती, मोठे फोटो. पैसे संपले तेव्हा शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी मासिकाच्या हिशेबाचं पान छापलं. इतका सरळ निरोप मी दुसऱ्या कुठल्या संपादकांचा पाहिलेला नाही.

आणि इटलीतून निघणारं ‘सान रोक्को’ तर मरणाची तारीख घेऊनच जन्माला आलं. २०१० साली सुरू करतानाच संपादकांनी सांगून टाकलं होतं की ही पाच वर्षांची योजना आहे आणि अंक विसापेक्षा जास्त निघणार नाहीत. मासिकाचं नाव घेतलं होतं अल्दो रॉस्सी आणि जॉर्जो ग्रास्सी या आर्किटेक्टांच्या एका गृहप्रकल्पावरून, जो कधी बांधलाच गेला नाही. गुळगुळीत रंगीत फोटोंऐवजी काळ्या रेघांची रेखाटनं आणि भांडखोर निबंध. पाचाऐवजी जवळजवळ दहा वर्षं लागली आणि विसाचा आकडाही गाठला नाही. त्यांच्या गंभीर चेहऱ्याच्या विनोदाला ते शोभूनच दिसलं.

तर घेते कशाला? माझ्यापुरतं उत्तर असं की यांतल्या चांगल्या अंकांमध्ये कलेची किंवा इमारतींची बातमी नसते. कला किंवा इमारत ही गोष्टच त्या पानावर घडते, आणि एकदा घडली की पुढचा अंक निघाला काय नि न निघाला काय, तिचं काही बिघडत नाही.

वास्तुरचनेत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं, कारण तिथे न बांधलेल्या गोष्टींचा ढीग फार मोठा असतो. जर्मन आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोहचंच पाहा. १९२०च्या आसपास त्याच्या नावावर बांधलेली घरं होती ती बर्लिनच्या परिसरातल्या सुखवस्तू लोकांची, बऱ्यापैकी पारंपरिक वळणाची. काचेच्या उंच इमारतींचा मीस लोकांना भेटला तो १९२२ मध्ये ब्रूनो टाउटच्या ‘फ्र्यूलिख्ट’ या मासिकात. काँक्रीटच्या कार्यालयाचा मीस भेटला १९२३ मध्ये ‘गे’ नावाच्या पत्राच्या पहिल्या अंकात. ‘गे’ हान्स रिश्टरनं काढलं होतं आणि पुढे त्याला पैशाचा हातभार स्वतः मीसनं लावला. यातली एकही इमारत उभी राहिली नाही आणि दोन्ही मासिकं लवकरच बंद पडली. तरी आधुनिक वास्तुरचनेच्या इतिहासात त्या इमारती आहेतच. पॅरिसच्या ‘लेस्प्री नूव्हो’चे १९२० ते १९२५ या काळात २८ अंक निघाले. शार्ल-एदुआर जान्रे नावाच्या माणसानं ल कॉर्ब्युझिए हे नाव आधी तिथल्या लेखांखाली घातलं, आणि त्याच लेखांमधून १९२३ चं त्याचं गाजलेलं पुस्तक तयार झालं. म्हणजे खुद्द आर्किटेक्टचं नावसुद्धा मासिकानं घडवलं.

मग ‘आर्किग्राम’, मासिकाचं नाव आणि ते काढणाऱ्या गटाचंही. १९६१ साली लंडनमध्ये पीटर कुक, डेव्हिड ग्रीन आणि माइक वेब यांनी काढलेला पहिला अंक म्हणजे स्वस्तात छापलेलं भेंडोळं. नोकरीतल्या कंटाळलेल्या तरुण आर्किटेक्टांचा तो उद्योग. १९६४ चा चौथा अंक त्यांनी कॉमिक्सच्या धर्तीवर केला, त्यात उघडल्यावर उभी राहणारी कागदी रचना होती. खुंटीला टांगावीत तशी घरं जोडता-काढता येणारं शहर, पायांवर चालणारं शहर, हे सगळं त्या पानांमध्ये वाढलं. १९७०च्या नवव्या अंकासोबत फुलांच्या बियांचं पाकीट दिलं होतं. १९७४ मध्ये एक साडेनववा अंक आला आणि संपलं. (साडेनववा! दहावा काढायचा नाही, हे सांगायची याहून लोभस रीत नसेल.) त्यांनी प्रत्यक्षात बांधलं फारच थोडं. पण १९७७ मध्ये पॅरिसला पाँपिदू केंद्र उघडलं, नळ आणि जिने बाहेर काढलेलं, तेव्हा आर्किग्रामचे अंक पाहिलेल्यांना ते अनोळखी वाटलं नसणार. २००२ मध्ये ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेनं याच गटाला आपलं सुवर्णपदक दिलं.

अशा मासिकांचा एकत्र अभ्यास वास्तुरचनेच्या इतिहासकार बिआट्रिझ कोलोमिना यांनी प्रिन्स्टनमधल्या आपल्या विद्यार्थ्यांबरोबर केला. १९६० आणि ७० च्या दशकांतले अंक जमवून त्यांनी २००६ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरवलं, पुढे त्याचं पुस्तकही निघालं. आता हा विषय विद्यापीठात सुखरूप पोचलाय. त्याचा एक तोटा म्हणजे मूळ अंक हातमोजे घालून बघायची वस्तू होऊन बसलेत. टाचणी मारलेल्या, कुणाच्या तरी पिशवीतून फिरलेल्या कागदाला काचेखाली ठेवलेलं पाहिलं की मला जरा चमत्कारिक वाटतं.

कलेच्या बाजूला अमेरिकन चित्रकार एड रुशेचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण ते दोन्ही विषयांना जोडतं. १९६३ मध्ये त्यानं सव्वीस पेट्रोल पंपांचे सव्वीस साधे, जवळपास रुक्ष फोटो एका छोट्या पुस्तकात छापले. प्रती चारशे, प्रकाशक तो स्वतःच. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयानं पुस्तक परत पाठवलं, तर त्यानं पुढच्या वर्षी ‘आर्टफोरम’ या कलामासिकात जाहिरात दिली: ‘नाकारलेलं’ पुस्तक, किंमत तीन डॉलर. १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरची प्रत्येक इमारत टिपून त्यानं साडेसात मीटरच्या आसपास लांब घडीचं पुस्तक केलं, रस्त्याची एक बाजू वरच्या कडेला, दुसरी उलटी खाली. १९६८ मध्ये रॉबर्ट व्हेंटुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन हे आर्किटेक्ट येल विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन लास व्हेगासचा रस्ता अभ्यासायला गेले, तेव्हा त्यांनी वाटेत रुशेला गाठलं आणि त्याच पद्धतीनं रस्त्याची लांब पट्टी तयार केली. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकात तिच्यावर रुशेचं नावही आहे. वास्तुरचनेच्या शिक्षणावर खोल परिणाम केलेल्या पुस्तकाला रस्ता कसा बघायचा हे एका चित्रकाराच्या घडीच्या पुस्तिकेनं दाखवलं.

याच सुमारास, १९६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या सेथ सीगेलॉब या कलाविक्रेत्यानं सात कलाकारांना प्रत्येकी पंचवीस पानं दिली आणि सांगितलं, प्रदर्शन इथेच भरवा. लोक त्याला ‘झेरॉक्स बुक’ म्हणतात. गंमत म्हणजे झेरॉक्स काढणं फार महाग पडत होतं, म्हणून हजार प्रती शेवटी ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यात प्लेटांवरून, छापल्या.

आपल्याकडे बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या चित्रकारांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ चालवलं. त्यात कलाकारांचं लेखन, कविता, छापचित्रं होती आणि सरकारी अकादमीच्या कारभाराशी उघड भांडण होतं. नाव ठेवलं तशी नांगी मारत ते जगलं.

‘पण आता हे सगळं पडद्यावर फुकट दिसतं की!’ हा उपप्रश्न. फोटोंच्या बाबतीत मी वाद घालत नाही. चांगल्या पडद्यावरचा फोटो स्वस्त छपाईतल्या फोटोपेक्षा कितीतरी सरस असतो. रेखाटनाचं मात्र तसं नाही. आराखड्याखाली १:१०० लिहिलेलं असतं आणि दोन बोटांनी मोठा केला की ते विधान खोटं ठरतं. कागदावर पट्टी ठेवता येते: एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. जिन्याची रुंदी डोळ्यांनी मोजता येते, शेजारच्या पानावरचं घर याच प्रमाणात असेल तर दोघांची उंची सरळ ताडता येते. अशी तुलना शक्य व्हावी म्हणून एखाद्या अंकात सगळी रेखाटनं एकाच प्रमाणात आणणं हे केवढं चिकट संपादकीय काम आहे, ते केल्याशिवाय कळत नाही. त्यात पुन्हा रेघेचा प्रश्न. बारीक करडी रेघ काळ्या शाईतून काढायची तर ती ठिपक्यांमध्ये मोडते, आणि दरवाजाची नाजूक कमान मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. जाणता प्रकाशक करड्या रंगाची शाईच वेगळी लावतो, म्हणजे रेघ सलग राहते. त्याला त्यासाठी जास्तीची प्लेट आणि जास्तीचे पैसे लागतात, आणि नव्वद टक्के वाचकांच्या ते लक्षातही येत नाही. बांधणीचंही तसंच: नुसत्या गोंदानं चिकटवलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, दोन पानांवर पसरलेल्या आराखड्याची मधली खोली कण्यात गडप होते. दोऱ्यानं शिवलेलं पुस्तक टेबलावर सपाट पडतं. पुस्तक हातात आलं की मी पहिल्यांदा ते मधोमध उघडून बघते, मग शेवटचं पान, जिथे कागद, शाई, छापखाना आणि प्रतींची संख्या दिलेली असते. प्रस्तावना नंतर.

पैशांचं थोडक्यात. ऑफसेटला प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च आधीच होतो, मग तीनशे प्रती छापा की तीन हजार. म्हणून कमी प्रती महाग पडतात. वितरक आणि दुकान मिळून छापील किमतीचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा नेतात, शिवाय न विकलेलं परत येतं ते वेगळंच. रिझोग्राफमुळे थोडी सुटका झाली. दिसायला ऑफिसातल्या कॉपीयंत्रासारखं जपानी मशीन, एका वेळी एक रंग, पुढचा रंग हवा तर ड्रम बदलून कागद पुन्हा घालायचा. रंग जरा सरकतात, शाई बोटांना लागते, पण शंभर-दोनशे प्रती परवडतात. अलीकडे सरकलेले रंग मुद्दाम सरकवलेले असतात, तो भाग सोडा. आणि शेवटी तीन-चार कोरी पानं दिसली तर त्यात गहन अर्थ शोधू नका. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदाला घड्या घालून होणारा पानांचा गठ्ठा, बहुधा सोळा पानांचा असतो, मजकूर कमी पडलेला असतो.

सगळं चांगलंच असतं असा माझा दावा नाही. पुष्कळ अंक म्हणजे मित्रांनी मित्रांच्या घेतलेल्या मुलाखती. फिकट करड्या रंगात, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात, उत्तम जाड कागदावर. वाचायला घेतलं की कळतं, कुणी संपादन केलेलंच नाही; डिझायनर होता, संपादक नव्हता. अशा वेळी मासिक बंद पडल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. माझी कसोटी सोपी आहे: हा अंक कुणाशी भांडतोय ते पहिल्या काही पानांत कळलं पाहिजे. कुणाशीच नसेल तर मी खाली ठेवते.

उरला शेवटचा प्रश्न, जो साधारण निघताना विचारला जातो: ‘मग वर्गणी भरू का?’ भरा, पण एका वर्षाची. आणि अंक आला की तेव्हाच वाचा, पुढचा आला की दोन्ही एकदम वाचू म्हणून ठेवू नका.