पाठीवरची जुनी गाठ अचानक ठणकू लागली तर

पाठीवर, मानेवर किंवा कानामागे वाटाण्याएवढी गाठ वर्षानुवर्षं गुमान बसलेली असते. बोटाखाली सरकते, दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस अंघोळ करताना हात लागतो आणि कळ येते. दोन दिवसांत ती लिंबाएवढी होते, लालभडक आणि गरम. अशा वेळी बहुतेक जण दोनांपैकी एक गोष्ट करतात: आरशासमोर उभे राहून गाठ पिळतात, नाहीतर मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करतात. दोन्ही का फसतं हे कळण्यासाठी गाठीत काय असतं ते आधी बघावं लागेल.

सर्रास तिला ‘चरबीची गाठ’ म्हणतात. डॉक्टरांच्या केसपेपरवरही ‘सेबेशियस सिस्ट’, म्हणजे तैलग्रंथीची गाठ, असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिच्यात चरबी नसते आणि ती तैलग्रंथीतून उगवतही नाही. त्वचेचा वरचा थर, बहुधा केसाच्या मुळाशी, आत दबतो आणि त्याची बंद पिशवी तयार होते. त्वचेवरून मृत पेशी रोज झडतात तशा त्या या पिशवीच्या अस्तरावरूनही झडतात, फक्त त्यांना बाहेर पडायला वाट नसते. टूथपेस्टसारखा दिसणारा तो पांढरट चोथा म्हणजे साठलेलं केराटिन, त्वचेत आणि केसांत असणारं प्रथिन. गाठीचं खरं नाव एपिडर्मॉइड सिस्ट. डोक्यावरच्या गाठी बहुधा पायलर सिस्ट असतात. त्या एकीपेक्षा जास्त असतात आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतात. सूज आणि उपचार यांबद्दलचं पुढचं सगळं त्यांनाही लागू पडतं.

ओळखायची मुख्य खूण म्हणजे गाठीच्या माथ्यावरचा बारीक काळा ठिपका. गाठ हलकेच चिमटीत धरली की तिथे त्वचा आत ओढल्यासारखी दिसते, कारण पिशवी त्या एका जागी त्वचेला चिकटलेली असते. पायलर सिस्टवर हा ठिपका सहसा नसतो, सुजलेल्या गाठीवर तो दिसेनासा होऊ शकतो. लायपोमा, म्हणजे खरोखरची चरबीची गाठ, मऊ असते. तिच्यावरची त्वचा मोकळी सरकते आणि ती सहसा पिकत नाही. आधी काहीच नव्हतं आणि तीन-चार दिवसांत केसाच्या मुळाशी ठणकणारा फोड आला, तर ते साधं करट. काखेत, जांघेत पुन्हा पुन्हा गाठी पिकत असतील किंवा माकडहाडावर पू येत असेल, तर दुखणं वेगळं आहे आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. लहान मुलाच्या नाकावर किंवा कपाळाच्या मधोमध जन्मापासून गाठ असेल तर तिला कुणीही सुई लावू नये. अशी गाठ कवटीच्या आतपर्यंत पोचलेली असू शकते, म्हणून आधी स्कॅन.

आता लाल झालेल्या गाठीकडे येऊ. लाल झाली म्हणजे जंतुसंसर्गच झाला, हा समज इतका पक्का आहे की डॉक्टरही कधीकधी त्याला बळी पडतात. बहुतेक वेळा घडतं ते असं: दाब पडून, घासून किंवा पिळल्यामुळे पिशवीची भिंत आतल्या आत फाटते आणि केराटिन आजूबाजूच्या मांसात पसरतं. शरीराला ते परकं वाटतं आणि शरीर त्यावर तुटून पडतं. सूज, लाली, ठणका, अगदी पूसुद्धा नुसत्या या लढाईतून तयार होऊ शकतो. तो पू तपासणीला पाठवला तर कैकदा त्यात काहीच वाढत नाही, किंवा त्वचेवर एरवीही राहणारे जंतू सापडतात. खरा संसर्ग असतो तेव्हा बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो, कधी ऑक्सिजनविना वाढणारे जंतू. वासावरून मात्र निवाडा करू नये. निरोगी गाठीतलं केराटिनही घाण वास मारतं.

मग फरक कळणार कसा? बाहेरून नेहमी कळत नाही, पण लालीची चाल बरंच सांगते. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. भिंत फाटून आलेली लाली गाठीच्या आसपासच राहते. बारा तासांत ती रेघ ओलांडून पुढे सरकली, गाठीपासून लाल पट्टा निघाला, काखेत किंवा जांघेत अवधाण (सुजलेली, दुखरी ग्रंथी) आलं, ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर संसर्ग पसरतो आहे. त्या दिवशीच दवाखाना गाठायचा. मधुमेह असेल, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असेल, गाठ डोळ्याजवळ किंवा नाक आणि वरच्या ओठाच्या पट्ट्यात असेल, तर रेघेची वाट बघत बसू नये. त्या पट्ट्यातल्या शिरांचा कवटीच्या आतल्या शिरांशी संबंध असतो. गुंतागुंत क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतते. आणि वर फारसं काही दिसत नसताना असह्य दुखत असेल, तर थेट इमर्जन्सी विभाग.

यातलं काही नसेल तर दोन-तीन दिवस घरी शेकायला हरकत नाही. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं आणि दहा-पंधरा मिनिटं गाठीवर धरायचं. गार झालं की पुन्हा बुडवायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. मधुमेहामुळे त्वचा बधिर असेल तर दुसऱ्याच्या हाताने उष्णता तपासून घ्यावी, नाहीतर गाठ राहील बाजूला आणि भाजल्याची जखम होईल. कापड दर वेळी धुवायचं, दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. दुखण्यासाठी प्रौढ माणसाने पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात, दोन वेळांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. यकृताचा त्रास असेल किंवा वजन फार कमी असेल तर आधी विचारून. गाठ आपणहून फुटली तर वाहू द्यावी, वर गॉझ ठेवावा, पण दाबू नये. पिळल्यावर जेवढं बाहेर येतं त्याहून जास्त आत फाटतं, आणि घरच्या सुईने जंतू आत जातात ते वेगळेच.

डॉक्टरांना दोन बोटांनी आलटून पालटून हलकेच दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखं वाटलं की ती पिकली. आता चीरच द्यावी लागते. गोळ्या इथे हरतात, कारण पिशवीच्या पोकळीत रक्त पोचत नाही आणि रक्त पोचत नाही तिथे औषध पोचत नाही. भुलीचं इंजेक्शन सुजलेल्या भागात टोचलं तर नीट चढत नाही, तिथलं आम्ल त्याला निकामी करतं. म्हणून जाणकार हात ते गाठीच्या भोवती, चांगल्या त्वचेत गोल टोचतो आणि काही मिनिटं थांबतो. ही पाच मिनिटं वाचवायला जातात तिथेच रुग्ण ओरडतो. मग सुरकुत्यांच्या रेषेत चीर, आतला पू आणि चोथा बाहेर, आतले कप्पे मोडायचे आणि सलाइनने धुवायचं. भिंत सहज सुटून आली तर काढतात. सुजलेल्या मांसात ती ओल्या कागदासारखी तुटते, तेव्हा तिच्यामागे लागून खणत बसणं शहाणपणाचं नाही. जखम टाके घालून बंद करत नाहीत, उघडीच ठेवतात.

पोकळी मोठी असेल तर गॉझची पट्टी सैलसर ठेवतात आणि एक-दोन दिवसांनी बदलतात. ठासून भरली तर तीच बूच होते आणि पू आत कोंडतो. पट्टी चिकटली असेल तर सलाइनने भिजवून पाच मिनिटं थांबायचं, हिसका द्यायचा नाही. जखम रोज साध्या वाहत्या पाण्याने धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण त्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. छोटी जखम आठवडाभरात भरते, मोठीला तीन आठवडेही लागतात. अँटिबायोटिक लागतं ते पसरणारी लाली, ताप किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल तेव्हा. दिलं असेल तर सांगितले तितके दिवस घ्यायचं.

एवढं झाल्यावर ठणका थांबतो आणि लोक दवाखान्याकडे फिरकत नाहीत. पिशवीचं अस्तर मात्र आतच असतं. ते पुन्हा पेशी झडवू लागतं आणि काही महिन्यांनी त्याच जागी, आता व्रणामुळे जास्त घट्ट चिकटलेली, गाठ वर येते. म्हणून निचऱ्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी, सूज पूर्ण ओसरल्यावर, ठिपक्यासकट अख्खी पिशवी काढायची वेळ ठरवून घ्यावी. शांत गाठ भूल देऊन अर्ध्या तासात निघते. टाके चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांनी, पाठीवरचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. पाठीची त्वचा सतत ताणली जाते, त्यामुळे तिथे घाई केली तर जखम उसवते आणि व्रण रुंद होतो. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवायला सांगावी. कर्करोग फार क्वचित निघतो, पण भराभर वाढलेल्या किंवा पुन्हा पुन्हा चिघळलेल्या गाठीचा रिपोर्ट हातात असलेला बरा.

न दुखणारी, न वाढणारी, कपड्याला न घासणारी गाठ काढायलाच हवी असं नाही. कॉलरखाली, ब्राच्या पट्ट्याखाली किंवा कमरेच्या पट्ट्याच्या जागी असेल, तर मात्र ती शांत असतानाच काढून टाकावी.