लोकलमधला आज्ञार्थ

भाचीला घेऊन दादरहून ठाण्याला येत होते. उद्या तिचा इंग्रजीचा पेपर. कुर्ल्याला गर्दी घुसली तशा एक काकू ओरडल्या, "आत सरका ना!" ही लगेच, "मावशी, आज्ञार्थ!" आजूबाजूच्या बायका हसायलाच लागल्या.

म्हटलं, चल, उजळणी करू. इंग्रजीत कर्ता 'यू', पण तो बहुतेक गृहीतच. क्रियापद मूळ रूपात, नकाराला आधी 'डोंट'. 'बी'लासुद्धा: 'डोंट बी लेट'. (पोरं इथेच मार्क घालवतात.) आपल्याकडे बस, बसा, बसावे अशी उतरंड, तिकडे आजोबांनाही 'सिट' आणि मोत्यालाही 'सिट'! म्हणून मग 'प्लीज' जोडायचं, नाहीतर 'कुड यू' म्हणत सरळ प्रश्नच करायचा. 'हॅव अ लाडू'ला मात्र प्लीजची गरज नाही, तो आग्रह.