घराचा हप्ता आणि रेल्वेचा पास

गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना शेलू व वांगणी येथे घरे देण्याचा प्रस्ताव पुढे आल्यापासून लालबाग-परळमध्ये त्याखेरीज दुसरा विषय नाही. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानात कामगारांनी मोर्चा काढला आणि आम्हाला घरे मुंबईतच हवीत, ही जुनीच मागणी पुन्हा मांडली. त्यानंतर अनेक सुशिक्षित परिचितांकडून एकच प्रश्न ऐकला. साडेनऊ लाखांत पक्के घर मिळत असेल, तर ते बदलापूरच्या पुढे असले म्हणून काय बिघडले? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर भावनेच्या आधारावर न देता हिशेबाच्या आधारावर द्यावे, असे मला वाटते.

माझ्या वडिलांची सारी नोकरी लालबागच्या एका गिरणीत, साचे खात्यात म्हणजे मागांच्या विभागात झाली. आमचे बिऱ्हाड गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पाळीचा भोंगा घरात ऐकू यायचा आणि तिसऱ्या पाळीहून परतणाऱ्या माणसाला रात्री वाहन शोधावे लागत नसे. प्रवासखर्च हे कलमच आमच्या घराच्या महिन्याच्या हिशेबात नव्हते. त्या एका खोलीत दाटी होती, संडास सामाईक होते, आणि त्या हालअपेष्टांचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही. परंतु तुटपुंज्या पगारात ती कुटुंबे तगली, त्याचे एक मोठे कारण हे होते की कामाची जागा, बाजार, शाळा आणि केईएम रुग्णालय हे सारे पायी गाठता येत होते. घराचे भाडे आणि प्रवासाचा खर्च ही एकाच पगारातून जाणारी रक्कम आहे. सरकार मात्र या दोहोंसाठी वेगवेगळ्या खात्यांतून, वेगवेगळ्या यंत्रणांमार्फत आणि एकमेकांना न विचारता पैसा खर्च करते. माझा सारा आक्षेप या ठिकाणी आहे.

हा धडा मुंबईला नवा नाही. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) स्थापन झाले आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. त्यासाठी कर्ज उभारले गेले, आणि शिवाय मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवण्यात आला. ज्या धंद्यामुळे शहरात कामगारांची गर्दी झाली त्याच धंद्याने त्यांच्या निवाऱ्याचा काही भार उचलावा, हे तत्त्व त्यामागे होते आणि ते आजही मला अत्यंत न्याय्य वाटते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि सुमारे १६,००० खोल्या तयार झाल्या. त्यांतील वरळीच्या चाळी मात्र बराच काळ रिकाम्या पडल्या होत्या. भाडे हे एक कारण होतेच, पण वरळी तेव्हा बहुतेक गिरण्यांपासून दूर आणि गैरसोयीची होती. सरकारने पैसा ओतून बांधलेले घर केवळ जागा चुकल्यामुळे ओस पडते, हे या शहराने शंभर वर्षांपूर्वी पाहिले. पुढे वरळीभोवती बाजार, बसमार्ग आणि वस्ती वाढली आणि त्याच १६० चौरस फुटांच्या खोल्यांना मोल आले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील पुनर्विकसित इमारतींमधील ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या. ५०० चौरस फुटांचे घर, तेही त्याच जागी, ही घटना मला मनापासून आनंद देणारी वाटली. जुन्या रहिवाशाला त्याच्याच वस्तीत ठेवून पुनर्विकास होऊ शकतो, हे म्हाडाने, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण संस्थेने, येथे दाखवून दिले आहे.

मग गिरण्यांच्या जमिनीवर हे का झाले नाही? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढच्या काही वर्षांत एकेक गिरणी बंद होत गेली. मागे शहराच्या ऐन मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन उरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची वाटणी ठरवून दिली होती. गिरणीमालकाने जमीन विकासासाठी खुली केली, तर ढोबळमानाने एक-तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक-तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असा तो न्याय होता. २००१ मध्ये त्या नियमात बदल करण्यात आला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ मोकळ्या, बांधकाम नसलेल्या जमिनीची झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? साचे खाते, गोदामे, बॉयलर, कचेरी यांनी आवार व्यापलेले असते. त्यामुळे सार्वजनिक वाटा आक्रसून गेला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये हा बदल अमान्य केला, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला आणि तो विषय कायद्याच्या दृष्टीने संपला.

सार्वजनिक निधी म्हटले की आपल्याला अर्थसंकल्पातील आकडे आठवतात. वास्तविक मुंबईसारख्या शहरात सरकारच्या हातातील सर्वांत मोठा निधी म्हणजे जमीन आणि तिच्यावरील चटईक्षेत्राचे, म्हणजे किती बांधकाम करता येईल याचे, नियम. नियमातील काही शब्द बदलून जेवढा निधी २००१ मध्ये लोकांच्या हातून गेला, तेवढा उभारण्याची ताकद कुठल्याही गृहनिर्माण योजनेत नाही.

त्याचा परिणाम गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतींमध्ये दिसला. घरासाठी अर्ज केलेल्या कामगारांची व वारसांची संख्या सुमारे दीड लाख होती, आणि जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५. मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. आमच्याकडेही एका प्लास्टिकच्या पिशवीत वडिलांचा तिकीट नंबर (कामगार क्रमांक) असलेला गिरणीचा पास, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि कामगार विमा योजनेचे कार्ड जपून ठेवले आहे. पासावरील शाई फिकट झाली आहे, म्हणून आईने तिकीट नंबर एका कागदावर वेगळा लिहून पासाला टाचला आहे. अशा पिशव्या या भागात घरोघरी आहेत. २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची सोडत निघाली. पुढे करोनाकाळात त्या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या, त्यांची दुरुस्ती करावी लागली आणि विजेत्यांना ताब्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. जमीन हातची गेल्यावर सरकारला घरे शोधायला आधी पनवेलकडे आणि आता कर्जत मार्गावर जावे लागते आहे, असा हा सरळ क्रम आहे.

दुसरीकडे, मालकांच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर जे उभे राहिले त्याची वाहतुकीशी सांगड कोणी घातली नाही. गिरणगावात पूर्वी कामगार चालत कामावर जात, त्यामुळे परळ, लोअर परळ, करी रोड, एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) या स्थानकांचे पूल अरुंद असूनही निभावत होते. त्याच जागी कॉर्पोरेट कार्यालये, वाहिन्यांची कचेरी आणि मॉल आले. तेथे काम करणारी माणसे विरार, कल्याण, पनवेलहून येऊ लागली, आणि पूल मात्र तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्या जिन्यावरून आम्ही वर्षानुवर्षे ये-जा केलेली असल्यामुळे ती बातमी ऐकताना प्रत्येक पायरी डोळ्यांपुढे होती. नंतर लष्कराच्या मदतीने नवा पूल काही महिन्यांतच बांधला गेला. याचा अर्थ पैसा आणि कौशल्य दोन्ही उपलब्ध होते. कार्यालयांच्या इमारतींना परवानगी देताना या स्थानकांवर किती पावले वाढतील, हा प्रश्न परवानगीच्या कागदावर नव्हता.

घर दूर नेल्याने खर्च कसा वाढतो, तेही जवळून सांगण्यासारखे आहे. आमच्या कार्यालयात साफसफाई आणि चहापाणी पाहणाऱ्या मावशी बदलापूरहून येतात. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास त्यांना परवडतो, कारण उपनगरी रेल्वेचा तोटा रेल्वे सोसते आणि पासाची किंमत जाणीवपूर्वक कमी ठेवलेली आहे. खिसा रिकामा होतो तो दोन टोकांना. घरापासून स्थानकापर्यंत शेअर रिक्षा, इकडे दादरला उतरल्यावर बस, आणि बस आली नाही तर शेअर टॅक्सी. रिक्षा-टॅक्सीचा महिन्याचा खर्च पासाच्या कितीतरी पट होतो. शेलू-वांगणीला तर गाड्याच मोजक्या आहेत. कर्जत लोकल चुकली की पुढच्या गाडीची वाट पाहण्यात जो वेळ जातो त्याची किंमत कामाच्या ठिकाणी खाड्याच्या रूपाने मोजावी लागते. साडेनऊ लाखांच्या घराची खरी किंमत ठरवताना हे सारे धरले, तर मुंबईतले लहान घर आणि वांगणीचे घर यांतला फरक बराच कमी होतो. ज्या घरातील बाई परळ-दादरला स्वयंपाकाची वा साफसफाईची कामे करते त्या घरात तर हा व्यवहार तोट्याचाच ठरतो, कारण दिवसाचे चार-पाच तास प्रवासात गेल्यावर तिची अर्धी कामे सुटतात.

या दोन टोकांच्या प्रवासासाठी मुंबईकडे एक उत्तम साधन होते आणि अजूनही आहे. ते म्हणजे बेस्ट, शहराला बस आणि वीज पुरवणारा उपक्रम. ७ ऑगस्ट १९४७ पासून बेस्ट महापालिकेची आहे. वीज विभागाच्या उत्पन्नातून बस विभागाची तूट भरून निघत असे. विजेचे दर नियामक आयोगाच्या कक्षेत गेल्यावर हा मार्ग हळूहळू बंद झाला आणि बसगाड्या महापालिकेच्या अनुदानावर अवलंबून राहिल्या. एकेकाळी ४,००० हून अधिक असलेला ताफा ३,००० च्याही खाली आला, त्यातही बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या. जुलै २०१९ मध्ये ५ रुपये केलेले किमान भाडे मे २०२५ मध्ये १० रुपये झाले. महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४,००० कोटींहून मोठ्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी १,००० कोटी रुपयांचे साहाय्य आहे. सागरी किनारा मार्गाच्या केवळ दक्षिण टप्प्यावर सुमारे १४,००० कोटी खर्च झाले, आणि त्या मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेशच नाही. रस्ता बांधू नये असे माझे म्हणणे नाही. पण मोटार असलेल्यांसाठी एकदम एवढी रक्कम उभी करू शकणारी महापालिका बसच्या तुटीचा प्रश्न आला की हात आखडता घेते, हे मला अन्यायाचे वाटते.

मेट्रो ३ बद्दल मला खरोखर आस्था आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि वरळी, सिद्धिविनायक, दादर ही स्थानके तिच्यावर आली. सुमारे ३७,००० कोटींचा हा सार्वजनिक खर्च आहे. त्याने स्थानकाभोवतीच्या जमिनीचे भाव वाढणार, हेही उघड आहे. घर विकत घेणारा मुंबईकर मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का मेट्रो अधिभार भरतो, म्हणजे घरातून वाहतुकीसाठी पैसा घेण्याची सोय आपण केलेली आहे. उलट दिशेची सोय मात्र नाही. मेट्रोमुळे वाढलेल्या जमिनीच्या मोलातून त्याच स्थानकाभोवती परवडणारी घरे उभारण्यासाठी राखून ठेवलेला असा कोणताही ठोस हिस्सा या मार्गावर दिसत नाही.

कॅलिफोर्निया राज्यात २०१४ पासून यासाठी एक वेगळी वाट काढलेली आहे. कर्बवायू सोडणाऱ्या उद्योगांना लिलावात परवाने विकत घ्यावे लागतात, आणि त्या रकमेचा ठरावीक भाग अशा प्रकल्पांना मिळतो ज्यांत कमी उत्पन्नाच्या लोकांची घरे आणि त्यांना लागून बस, रेल्वे, पदपथ वा सायकलमार्गाच्या सुधारणा एकाच अर्जात मांडलेल्या असतात. तिथली घरटंचाई त्याने संपलेली नाही. पण घरांसाठी निधी मागणाऱ्याला त्याच कागदावर विचारले जाते की इथली माणसे कामावर जाणार कशी. कापसाच्या गाठीवरील रुपयाशी या योजनेचे नाते मला जवळचे वाटते. आपल्याकडे म्हाडा, महानगर विकास प्राधिकरण (एमएमआरडीए), महापालिका, बेस्ट आणि रेल्वे यांच्यापुढे असा एकही सामाईक अर्ज आजवर गेल्याचे माझ्या माहितीत नाही. शेलू-वांगणीचा प्रस्ताव आखतानाच रेल्वेला वाढीव गाड्यांचा खर्च मागितला गेला असता, तर निदान त्याची खरी किंमत सर्वांसमोर आली असती.

गिरण्यांची जमीन आता परत येणार नाही. परंतु शिवडीच्या १२ बीडीडी चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्यामुळे वरळी-नायगावच्या पुनर्विकासातून बाहेर राहिल्या आहेत, आणि त्यांच्याभोवती बंदराची कितीतरी सार्वजनिक जमीन आहे. हार्बर मार्गाचे स्थानक तेथे आहे, अटल सेतूचे टोक तेथे उतरते, शिवडी-वरळी जोडरस्त्याचे काम चालू आहे. म्हणजे वाहतुकीवरचा पैसा आधीच खर्च झालेला आहे किंवा होतो आहे. या जमिनीचा आराखडा अंतिम करण्यापूर्वी तिचा किती हिस्सा सार्वजनिक गृहनिर्माणासाठी राहील आणि शिवडी स्थानकातून निघणाऱ्या बसगाड्यांची तूट कोण भरेल, हे दोन्ही आकडे केंद्र आणि राज्य सरकारने एकाच कागदावर लिहून द्यावेत, आणि नियमात पुढे बदल करायचा झाल्यास तो विधिमंडळात चर्चा झाल्याखेरीज होऊ नये, एवढी मागणी आम्ही गिरणगावातील रहिवाशांनी लेखी स्वरूपात करण्याचे ठरवले आहे. निवेदनाचा मसुदा तयार होत आहे, आणि त्यात शिवडीच्या चाळकऱ्यांच्या सह्या सर्वांत आधी घेणार आहोत.