अंजनेरीच्या जाळीतला ठिपकेवाला सातभाई

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटरवर अंजनेरी गाव. गडाच्या पायऱ्यांपर्यंत गाडी जाते, तरी आम्ही ती गावातच लावली आणि उजाडता उजाडता चालायला लागलो. आम्हाला गडापेक्षा वाटेकडेच्या जाळीतल्या एका छोट्या पक्ष्यात रस होता. जूनचे पहिले पाऊस पडून गेले होते, कारवीला कोवळी पानं फुटली होती.

ठिपकेवाला सातभाई आधी ऐकू येतो. तीन-चार सुरांची बारीक शीळ, तीच तीच, न थकता. पहाटे मात्र लांबलचक, चढत-उतरत जाणारं गाणं म्हणतो. आवाज आला की फांद्यांवर दुर्बीण फिरवत बसू नका. करवंदीच्या बुडाशी, पालापाचोळ्यात बघा. आम्ही जागीच बसलो. एक वाळकं पान उलटलं, शेजारचं उडालं आणि मागून चिमणीपेक्षा जरासा मोठा पक्षी पुढे आला: डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावर पांढरट भुवई, पाय गुलाबी. शीळ घालताना त्याचा पांढरा गळा असा फुगला की छातीवरच्या गडद रेघा सुट्या सुट्या मोजता आल्या. इतका देखणा पक्षी केवळ तपकिरी म्हणून लोक सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नावात सातभाई असला तरी आपल्या बागेतल्या गोंगाटी थव्यासारखा तो नाही. बहुतेकदा जोडीनेच फिरतो. घोटाळा होतो तो दुसऱ्याच एका छोट्या सातभाईशी. त्याचं पोट तांबूस, कपाळही तांबूस आणि आपल्याकडे गळाही पांढराच. पण त्याच्या छातीवर रेघ नसते, आणि तो गवताळ झुडपांत टोळीने हिंडतो. म्हणून अर्धवट दिसला तर आधी छाती बघायची. राखाडी डोक्याचा, बिनरेघांचा, मधल्या फांद्यांत पानं धुंडाळणारा पक्षी असेल तर तो फुलवेट्टा.

जाळीत उजेड कमी असतो, त्यामुळे आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. ती जवळचं फोकस करणारी हवी. फोनवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. हे दिवस विणीचे असतात आणि घरटं जमिनीवरच, पानांचं घुमटासारखं असतं, म्हणून वाट सोडून जाळीत पाऊलही टाकू नका. शनिवारी मारुतीच्या दर्शनाला गर्दी उसळते, तेव्हा मधला वार धरा. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं टपलेली असतात. नऊ वाजले की शीळ विरळ होते. मग खुशाल गड चढा.