तीन बेसचा फरक म्हणजे नेमका किती?

साल्मोनेला या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, साधारण 48 लाख बेसचा; बेस म्हणजे डीएनएचे एक अक्षर. रुग्णाकडून आणि अन्नातून वेगळे केलेले दोन स्ट्रेन (जिवाणूचे वाण) त्यात तीनच ठिकाणी वेगळे निघाले, तर दोघांचा उगम एकच का? उत्तर देण्याआधी ते तीन कसे मोजले, हे विचारायलाच हवे.

पूर्वी पीएफजीई करायचे, म्हणजे एन्झाइमने डीएनए कापून जेलवर पट्टे पाहायचे. कापण्याच्या जागी एकच बेस बदलला तरी दोन-तीन पट्टे हलतात. बाकी कुठे शंभर बदलले तरी पट्टे जसेच्या तसे. अन्नातून पसरणाऱ्या साथी शोधणाऱ्या अमेरिकेच्या पल्सनेट या प्रयोगशाळांच्या जाळ्याने 2019 मध्ये संपूर्ण जीनोम वाचण्याची पद्धत स्वीकारली, ती याचसाठी.

मात्र मोजणीतही खड्डे आहेत. एकाच अन्नात दोन स्ट्रेन असू शकतात, म्हणून चार-पाच कॉलनी (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) घ्या, पण प्रत्येक वेगळी वाढवा. वाचलेले तुकडे (रीड्स) जोडून तयार झालेला जीनोम 48 ऐवजी 60 लाखांवर गेला, तर कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, शुद्ध नाही असेच समजा. साल्मोनेलासाठी सरासरी कव्हरेज, म्हणजे प्रत्येक बेस किती वेळा वाचला गेला ते, निदान 30 पट हवे. तुलनेसाठीचा संदर्भ जीनोम त्याच सिरोटाइपचा (पेशीच्या पृष्ठभागावरून ठरणारा प्रकार), शक्यतो त्याच सिक्वेन्स टाइपचा (काही ठरावीक जनुकांवरून ठरणारा प्रकार) घ्या. दूरचा घेतला, तर त्यात नसलेले भाग मोजणीतून गळतात आणि चुकीच्या जागी बसलेले रीड्स खोटे फरक दाखवतात. फाजचे (जिवाणूच्या डीएनएत शिरलेल्या विषाणूंचे) आणि पुनरावृत्तीचे भाग झाका, म्हणजे मोजणीतून वगळा. हजार बेसच्या आत तीनहून अधिक फरक एकवटले असतील, तर तो तुकडा बहुधा बाहेरून आलेला असतो: घटना एक, फरक अनेक.

बेस मोजून न दिसणारे वैविध्य मला जास्त महत्त्वाचे वाटते. ई. कोलाय जिवाणूच्या के-12 या प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी स्ट्रेनचा जीनोम 46 लाख बेसचा, तर ओ157 साकाई या रोगकारक स्ट्रेनचा सुमारे 55 लाखांचा; वाढीव भागात फाज भरपूर, आणि शिगा विषाची जनुकेही फाजवरच. 2011 मध्ये जर्मनीत पसरलेल्या ओ104:एच4 या ई. कोलाय स्ट्रेनने असाच फाज मिळवला होता. हा फाज प्रयोगशाळेत कल्चर वारंवार वाढवताना गळूनही पडतो. म्हणून विषाचे जनुक सापडले नाही एवढ्यावरून स्ट्रेन वेगळा ठरवू नका. गोठवलेल्या मूळ नळीतून पुन्हा वाढवून तपासा.

लिस्टेरिया या अन्नातून पसरणाऱ्या आणखी एका जिवाणूसाठी 1748 जनुकांची तुलना करून सातपर्यंत अ‍ॅलील (जनुकांची रूपे) वेगळे असले तर एक गट धरतात. पण हा जिवाणू कारखान्यातल्या गटारात वर्षानुवर्षे जवळपास न बदलता टिकतो. त्यामुळे शून्य फरक दिसला, तरी दूषितीकरण कालचे की पाच वर्षांपूर्वीचे, हे जागेच्या नोंदींवरूनच ठरते.