दोन पट्ट्या

एप्रिल संपत आला होता. नागपुरात या दिवसांत सकाळी दहालाच ऊन चटके देऊ लागतं. नंदनवनच्या माझ्या दवाखान्यात येणारा प्रत्येक जण आधी डोक्याचा दुपट्टा सोडतो, दोन मिनिटं एसीसमोर उभा राहतो आणि मग आजार सांगतो. त्या सोमवारी तिसऱ्या नंबरला आलेल्या मुलाने मात्र दुपट्टा सोडलाच नाही. सात वर्षांचा पोरगा, नुसते डोळे दिसत होते. आईने दुपट्टा हळूच खाली ओढला तेव्हा मला वाटलं, भाजलंय. एका गालावरून ओठांवर आणि तिथून दुसऱ्या गालापर्यंत बोटभर रुंदीचा लाल पट्टा. पण कडा अगदी सरळ होत्या. भाजल्याची खूण इतकी सरळ नसते.

"काय झालं हे?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

"चिकटपट्टी लावली होती जी यायनं," ती म्हणाली. "रात्री. तोंडाले."

मुलांच्या नाकातून मी काय काय काढलं आहे. चिंचोके, मणी, खोडरबराचे तुकडे, एकदा तर कोंब आलेला हरभरा. पण ते सगळे उद्योग मुलांनी स्वतः केलेले. बापाने झोपलेल्या मुलाचं तोंड पट्टीने बंद केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बँडेजची पांढरी पट्टी. पहिल्या दोन रात्री पोराने झोपेतच ओढून काढली, म्हणून तिसऱ्या रात्री ती दोन्ही गालांपर्यंत नेली. दीडच्या सुमारास पोरगा अंथरुणात हातपाय झाडायला लागला आणि आईने पट्टी खसकन ओढली. त्या पट्टीबरोबर गालाची लवही आली होती.

मी आवाज चढवला. झोपेत उलटी झाली असती तर कुठे गेली असती, असं बरंच काही बोललो. बाहेरच्या बाकावरची माणसं गप्प झाल्याचं मला ऐकू आलं. बाप शांतपणे ऐकत होता. तर्री पोह्याचा ठेला आहे त्याचा. पहाटे तीनला उठतो, हाताच्या रेषांत तिखट-हळदीचा रंग बसलेला. माझं बोलणं संपल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला, एक व्हिडिओ लावला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

व्हिडिओत मी होतो.

मागच्या गणपतीत एका मंडळाने मला भाषणाला बोलावलं होतं. विषय माझाच, 'नाकाने श्वास'. मंडपातल्या लोकांना काय आवडतं ते आता अनुभवाने कळतं. माणूस दिवसाला साधारण १०,००० लिटर हवा आत घेतो, असं सांगितलं की लोक सावरून बसतात. मग सांगायचं की मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आपलं नाक ती हवा थंड करतं आणि डिसेंबरच्या पहाटे तीच गरम करतं. घशाखाली उतरेपर्यंत हवा शरीराच्या तापमानाजवळ आलेली आणि ओलाव्याने भरलेली असते, म्हणजे नाक हाच आपला कूलर आणि नाकच शेगडी. मग दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने तपासायला लावायच्या. बहुतेकांची एक जास्त मोकळी निघते. काही तासांनी पाळी बदलते. कायसर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे १८९५ मध्ये मांडलं आणि आपल्याकडे चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून आधीपासून ठाऊक होतं, हे वाक्य कधी वाया जात नाही.

शेवटी नायट्रिक ऑक्साइड. नाकाभोवतीच्या हाडांच्या पोकळ्यांत हा वायू तयार होतो, हे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं. नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तो फुप्फुसात उतरतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. तोंडाने घेतलेल्या श्वासाला ही शिदोरी मिळत नाही. त्यातल्याच संशोधकांनी २००२ मध्ये मोजून दाखवलं की तोंड मिटून गुणगुणताना नाकातून येणारा हा वायू पंधरा पटींनी वाढतो. एवढं सांगून मी सगळ्या मंडपाला भ्रामरी करायला लावली. दीड-दोनशे माणसं एकदम गुणगुणली की मंडपाचे पत्रे थरथरतात. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला.

मोबाइलवर होते ते त्यातले शेवटचे चाळीस सेकंद. "तोंड खायला आहे, श्वासाला नाही. तोंड बंद ठेवा. दिवसा बंद, रात्री बंद. महिनाभरात बघा थकवा कुठे पळतो ते." हात नाचवत बोलणारा तो माणूस मला जरा आगाऊच वाटला.

"तुम्हीच तं म्हटलं, रात्री बंद," बाप म्हणाला. आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत. "झोपेत पोट्ट्याचं तोंड कसं बंद राहीन? मंग मी बंद करून देल्लं."

मी एसीचा रिमोट उचलला आणि उगाच खाली ठेवला.

मग हकीकत कळली. छोटू (घरी त्याला तेच म्हणतात) दुसरीत. वर्षभर शाळेतून एकच तक्रार, वर्गात झोपतो आणि सांगितलेलं ऐकत नाही. घरी आल्यावर दप्तर टाकून पुन्हा झोप. मैदानात एक फेरी मारली की खाली बसतो. जंताचं औषध झालं, लोहाचं झालं, टॉनिकच्या चार बाटल्या झाल्या. हिमोग्लोबिन ११.८, म्हणजे ठीकच. वर्षापूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालेलं. "घोरतो का?" विचारल्यावर आई हसली. "बापावानी घोरते जी." तिच्या लेखी ते कौतुक होतं.

माझ्याकडे जीभ दाबायची स्टीलची एक जुनी पट्टी आहे. ती नाकपुड्यांखाली आडवी धरली की उच्छ्वासाच्या वाफेचे दोन गोल उमटतात. शंभर वर्षांपूर्वीचे डॉक्टर हेच करायचे, आणि विजेशिवाय चालणारी इतकी प्रामाणिक तपासणी दुसरी नाही. एकच अडचण, नागपूरच्या उन्हाळ्यात स्टील मुळातच कोमट असतं, वाफ धरतच नाही. म्हणून मार्च ते जून ती पट्टी मी फ्रिजमध्ये ठेवतो.

आधी बापाच्या नाकाखाली धरली. रुपयाएवढे दोन गोल, स्वच्छ. मग पुसली, पुन्हा गार केली आणि छोटूसमोर धरून त्याला तोंड मिटायला सांगितलं. डाव्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा एक डाग आला आणि तिथेच विरला. उजव्या बाजूला काहीच नाही, कोरं चकचकीत स्टील. तेवढ्या दोन श्वासांत पोराचे खांदे वर चढले होते आणि मानेचे स्नायू ओढले जात होते. तिसऱ्याला त्याने तोंड उघडलं.

बापाने माझ्या हातून पट्टी घेतली. शर्टाच्या टोकाला पुसली आणि स्वतः पोराच्या नाकाखाली धरली. बराच वेळ. मग उलटी करून मागची बाजू पाहिली, जणू वाफ तिकडे गेली असेल.

"म्हणजे मी दोनी दरवाजे बंद केले," तो म्हणाला.

हे वाक्य मंडपात मला सुचायला हवं होतं.

मग त्याने विचारलं, "पण ऑक्सिजन तं बरोबर हाये ना?" करोनापासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे. त्याने पोराच्या बोटाला लावून पाहिलेलं होतं, ९८. रास्त प्रश्न. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला दिवसा ऑक्सिजन कमी पडत नाही. तसं सांगत फिरणारे फेकतात. पंचाईत रात्रीची असते. गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मागची वाट आधीच अरुंद असली की ती मिटते, श्वास अडतो, मेंदू पोराला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, पुन्हा झोप. हे रात्रभर. दहा तास अंथरुणात पडूनही पोरगं झोपलेलं नसतं आणि सकाळी त्याला आळशी म्हणून उठवलं जातं. मोठी माणसं अशा झोपेने दिवसा पेंगतात. लहानांमध्ये पुष्कळदा उलटं होतं, ती चिडचिडी आणि धसमुसळी होतात, म्हणून त्यांचं निदान आणखी उशिरा होतं. छोटू निदान पेंगत तरी होता.

दुर्बीण घातली. नाकातल्या बाजूच्या गाद्या फिकट, सुजलेल्या, म्हणजे अॅलर्जी. घरच्या कूलरचं गवत बदललं का, असं विचारलं तर मागच्या सालचंच होतं. चौघं जण त्याच कुबट वाऱ्यात झोपत होते. दुर्बीण आणखी मागे नेली तर वाटच संपली. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला अॅडिनॉइडची गाठ असते. ती फुगून सोळा आण्यांपैकी चौदा आणे रस्ता अडवून बसली होती. डावीकडून जी जराशी फट होती, तिच्या भरवशावर पोराने पट्टीखाली दीडपर्यंतची रात्र काढली होती.

बंद नाक, उघडं तोंड आणि कमी ऐकू येणं यांचा या गाठीशी संबंध कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये लावला. तेव्हापासून नाकाचा डॉक्टर अशा मुलाचे कान पाहिल्याशिवाय सोडत नाही. मी पाहिले. दोन्ही पडदे मळकट पिवळे, आत ओढलेले. पडद्याची हालचाल मोजणाऱ्या यंत्रावर डोंगरासारखी रेघ यायला हवी, ती सपाट आली. पडद्यांमागे चिकट पाणी भरलेलं. मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराला फळ्याजवळच्या बाईंचं निम्मं बोलणं पोचत नसणार.

"म्याडम म्हणते ना, ऐकत नाही," आई म्हणाली. आणि मग तीच थांबली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, नाकात स्टिरॉइडचा स्प्रे, कूलरचं गवत नवं. एका रात्रीपुरतं नोंद ठेवणारं ऑक्सिमीटर दिलं. पहाटेच्या झोपेत आकडा ८४ पर्यंत घसरत होता. कानातलं पाणी कधीकधी आपोआप ओसरतं, म्हणून नुसते कान असते तर मी तीन महिने थांबलो असतो. ८४ पाहिल्यावर थांबलो नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी गाठ काढली आणि दोन्ही पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. डाव्या कानातून निघालेलं पाणी डिंकासारखं होतं, तार धरत होतं.

भूल उतरल्यावर छोटू आधी रडला, मग पाणी मागितलं. मग वर पाहत म्हणाला, "आई, पंखा आवाज करते."

पंखा जुनाच होता. किरकिरत होता खरा. तो किरकिरतो हे मलाही त्याच दिवशी कळलं.

घरी गेल्यावरच्या पहिल्या रात्री आई झोपली नाही. आवाजच नाही म्हणून. दर अर्ध्या तासाने उठून त्याच्या नाकाखाली बोट धरून बघत होती, असं तिने टाके नसलेली जखम तपासायला आली तेव्हा सांगितलं. तोंड मात्र लगेच मिटलं नाही. वाट मोकळी झाली तरी वर्षांची सवय जायला महिने लागतात. टाळू अरुंद, वरचे दात पुढे आलेले, त्यासाठी दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं आहे. दिवसा आठवण करायची, ओठांत कागद धरून टीव्ही पाहायचा, असले खेळ चालू आहेत. ऑगस्टपासून अंथरूण कोरडं आहे. शाळेची नवी तक्रार आली आहे, वर्गात फार बोलतो.

पण माझं एक काम राहिलं होतं. त्या सोमवारी रात्रीच मंडळाच्या पोरांकडून भाषणाचं पूर्ण रेकॉर्डिंग मागवलं होतं. मनात होतं की कापाकापी करणाऱ्यानेच घात केला असेल. पुढे कुठेतरी मी म्हटलंच असेल, 'पण आधी नाक मोकळं आहे का ते दाखवून घ्या'. एकतीस मिनिटं बसून ऐकलं. कायसर होता, स्टॉकहोम होतं, भ्रामरी होती. ते वाक्य नव्हतं.

म्हणून जुलैत नवा व्हिडिओ केला. अडीच मिनिटांचा. त्यात स्टीलची पट्टी दाखवली, दोन गोल आणि कोरं स्टील. नाक बंद असताना तोंड बंद करू नका आणि लहान मुलाच्या तोंडाला पट्टी तर कधीच लावू नका, हे तीनदा म्हटलं. छोटूच्या बापाने तो ठेल्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकांना आग्रहाने पाठवला. म्हणतो, "लोकं पूरा पाहत नाही जी. मोठा हाये."

गेल्या आठवड्यात वर्ध्याच्या मावशीने मला सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण, खाली तिने स्वतः लिहिलेलं, 'अवश्य ऐक. डॉक्टर फार छान सांगतात.' चाळीस सेकंदांचा होता. चेहरा इतका धूसर झाला होता की मावशीने मला ओळखलं नव्हतं.